न्हावा शेवा ते हॅम्बुर्ग : सामायिक कंटेनर सेवेचा अनुभव

पूर्ण कंटेनर भरण्याइतका माल नसलेल्या लहान निर्यातदारांसाठी, अनेकांचा माल एकाच कंटेनरमध्ये एकत्र करून पाठवण्याची सेवा फॉरवर्डर कंपन्या, म्हणजे निर्यातदार आणि जहाज कंपनी यांच्यामधल्या मध्यस्थ कंपन्या, देतात. व्यवसायात तिला एलसीएल म्हणतात. पुण्याच्या तांबट आळीत घडवलेली तांब्या-पितळेची भांडी हॅम्बुर्गच्या एका दुकानदाराकडे पाठवण्यासाठी आम्ही ही सेवा घेतली. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढील तक्रारींपैकी बऱ्याचशा या धंद्यात सर्रास आढळणाऱ्या आहेत.

भाडे आकारण्याची पद्धत आधी समजून घ्यावी. एक घनमीटर किंवा एक टन, यांपैकी जो आकडा जास्त भरेल त्यावर दर लागतो. म्हणजे अर्धा टन वजनाच्या भांड्यांनी अडीच घनमीटर जागा व्यापली, तर भाडे अडीच घनमीटरचेच द्यावे लागते. पोकळ भांड्यांच्या व्यापाऱ्याला हा हिशेब जड जातो. पातेली आणि घंगाळी एकात एक बसतात, पण हंडे-कळशा तोंडाशी अरुंद असल्यामुळे बसत नाहीत. त्यांच्या पोटात पळ्या, पंचपात्रे अशा किरकोळ वस्तू कागदात गुंडाळून भरल्या, तेव्हा कुठे जागा सत्कारणी लागली. खोके लाकडाचे असेल, तर ते ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटे तापवलेले आणि तसा शिक्का मारलेले असावे लागते. कंपनीने याची आठवण वेळेवर करून दिली, हे आवर्जून सांगावेसे वाटते.

कागदपत्रांचे कामही चोख होते. बिल ऑफ लेडिंगचा, म्हणजे माल जहाजावर चढवल्याच्या पावतीचा, मसुदा तपासायला आधीच मिळाला. जहाज कंपनीचे मूळ बिल फॉरवर्डरच्या नावे असते आणि आपल्या हाती त्याचे स्वतःचे हाउस बिल येते. म्हणून चार अक्षरे आणि सात अंकांचा कंटेनर क्रमांक मागून घ्यावा, म्हणजे जहाज कंपनीच्या संकेतस्थळावर कंटेनर कुठे पोहोचला ते आपले आपल्याला पाहता येते. तसे पाहिल्यावर लक्षात आले की, माल पोहोचायला जो विलंब झाला, तो समुद्रात झालाच नव्हता. माल बंदराजवळच्या सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनर भरण्याच्या गोदामात, इतर निर्यातदारांच्या मालाची वाट पाहत पडून राहिला आणि एका जहाजाची कट-ऑफ वेळ, म्हणजे माल स्वीकारण्याची अंतिम मुदत, हुकली. डिसेंबर २०२३ पासून मोठ्या जहाज कंपन्या तांबडा समुद्र टाळून केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागल्या, त्यामुळे युरोपचा प्रवास साधारण १० ते १४ दिवसांनी लांबला. आमचे जहाजही त्याच वाटेने गेले, पण ते आधी सांगितलेले होते आणि सांगितल्याप्रमाणेच घडले. गोदामातल्या मुक्कामाबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नव्हता.

खरी नाराजी हॅम्बुर्गच्या खर्चाबद्दल आहे. कंटेनर रिकामा करणे, गोदामातील हाताळणी, कागदपत्रांचे शुल्क अशी जी बिले दुकानदाराला आली, त्यांची बेरीज समुद्रभाड्याहून अधिक होती. भाडे नाममात्र दाखवून ग्राहक मिळवायचा आणि पलीकडच्या बंदरात वसुली करायची, ही या व्यवसायातील जुनी रीत आहे. पण दरपत्रकात तिचा उल्लेखही नसावा, हे गैर आहे. दर मागतानाच दोन्ही बंदरांवरचे सर्व आकार लेखी घ्यावेत.

मालाची स्थिती एकंदरीत चांगली होती. एकही भांडे चेपले नव्हते. उष्ण कटिबंधातून थंड प्रदेशात जाताना कंटेनरच्या आतील दमट हवेचे छताला पाणी सुटते, आणि तेच वरच्या थरातील दोन घंगाळ्यांना बाधले : मठारकामाच्या, म्हणजे हातोडीने ठोकून केलेल्या नक्षीच्या, बारीक खळग्यांत काळसर ठिपके पडले होते. लिंबू-मिठाने ते निघाले, पण झळाळी एकसारखी राहिली नाही. सिलिका जेलच्या पुड्या आम्ही टाकल्या होत्या. प्रत्येक भांडे स्वतंत्र पिशवीत हवाबंद करणे मात्र गरजेचे आहे. सागरी विमा हवाच, कारण जहाज वाचवण्यासाठी काही माल समुद्रात टाकावा लागला, तर ‘जनरल अ‍ॅव्हरेज’च्या नियमानुसार ज्यांचा माल सुखरूप राहिला त्यांनाही नुकसानीचा वाटा उचलावा लागतो.

विमानाचे भाडे या मालाला परवडणारे नाही. त्यामुळे पुढची खेपही समुद्रमार्गेच जाईल, पण दुसऱ्या फॉरवर्डरकडून.