नोट चमकली म्हणजे यूव्हीबी आहे असं नाही: बिअर्डेड ड्रॅगनच्या एन्क्लोजरमध्ये झालेली फसवणूक

मुंबईत कोणी बिअर्डेड ड्रॅगन या पाळीव सरड्यासाठी एन्क्लोजर, म्हणजे त्याला राहायची पेटी, बनवून घेत असेल, तर पैसे देण्याआधी वाचायला मिळावं म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. आमचे २२,००० रुपये गेले, ते एक वेळ जाऊ देत. पण दगडूच्या, म्हणजे आमच्या ड्रॅगनच्या, हाडांचं जे झालं ते भरून यायला फार वेळ लागतोय, आणि ज्या माणसामुळे झालं तो आजही नवं नाव लावून ऑर्डरी घेतो आहे.

दगडू माझ्या दिरांनी पाळलेला. त्यांची बदली झाली आणि तो आमच्याकडे भांडुपला आला. हा प्राणी मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या, तापलेल्या मध्यभागातला. फ्लॅटमध्ये ठेवायचा तर ऊन, ऊब आणि कोरडी हवा हे सगळं आपणच पुरवायचं असतं. पूर्ण वाढलेल्याला निदान ४ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच जागा लागते. एका टोकाला ऊन खायचा दगड, तो साधारण ४० अंशांपर्यंत तापलेला; दुसरं टोक २५ ते ३० अंश, म्हणजे नको झालं की त्याला सरकता येतं. आणि यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरणांमधला साधारण २९० ते ३२० नॅनोमीटरचा पट्टा. तो कातडीवर पडला की शरीरात डी३ जीवनसत्त्व तयार होतं, आणि डी३ नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन इथे उपयोगाचं नाही, कारण काच यूव्हीबी अडवते.

हे सगळं दिरांनी समजावून सांगितलं होतं, म्हणून मी त्या कारागिराला एकेक गोष्ट लिहून कळवली आणि त्याच्याकडून व्हॉट्सॲपवर लेखी होकार घेतला. १८ मिमी मरीन प्लाय, आतून लॅमिनेट, पुढे टफन्ड काचेची सरकती दारं, बल्बसाठी सिरॅमिक होल्डर, थर्मोस्टॅट (ठरवलेल्या तापमानाला बल्ब बंद करणारा डबा) आणि १० टक्के यूव्हीबीची इंपोर्टेड टी५ (बारीक जातीची) ट्यूब. १२,००० आगाऊ, उरलेले माल घरी आल्यावर. त्याच्या पेजवर सुंदर फोटो होते आणि बोलणं तर त्याहून गोड. "ताई, प्राण्याच्या जिवाशी खेळ नाही करत आपण," हे त्याचं वाक्य अजून माझ्या फोनमध्ये आहे.

एन्क्लोजर आलं तेव्हा दिसायला खरंच छान होतं. मी यूव्हीबीबद्दल विचारलं, तर त्याने खोलीतले दिवे बंद करायला लावले, खिशातून पाचशेची नोट काढली आणि ट्यूबखाली धरली. नोटेवरचा नंबर चमकायला लागला, मधली तार चमकली, कागदातले बारीक रंगीत धागे दिसले. "बघा ताई, एकदम ओरिजिनल यूव्ही." माझी मुलगी तर टाळ्या वाजवायला लागली. आम्ही उरलेले १०,००० तिथल्या तिथे दिले.

ही नोटेची युक्ती नीट समजून घ्या, कारण तो ती सगळीकडे करत असणार. नोटेवरची शाई आणि धागे चमकतात ते यूव्हीएमुळे, म्हणजे अतिनीलच्याच दुसऱ्या पट्ट्यातल्या, साधारण ३६५ नॅनोमीटरच्या किरणांमुळे. नोटा तपासायच्या मशीनमध्ये हेच किरण असतात. खऱ्या यूव्हीबी ट्यूबमधूनही थोडे यूव्हीए येतात, त्यामुळे तिच्याखालीही नोट चमकेल. पण नोट चमकली म्हणून ट्यूबमध्ये यूव्हीबी आहे हे मुळीच सिद्ध होत नाही.

काही आठवड्यांत दगडूचं खाणं कमी झालं. कॅल्शियमची पावडर लावलेले किडे आम्ही नेमाने देत होतो. मग चालताना त्याचे मागचे पाय थरथरायला लागले, आणि एकदा त्याला उचलताना त्याचा खालचा जबडा माझ्या बोटाला रबरासारखा मऊ लागला. सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. हाडं विरळ झाली होती. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो लाइट कुठली आहे हा. मी ट्यूब काढून त्यांच्याकडे नेली, तिथे ती एका पट्टीवर लावून त्यांनी यूव्ही इंडेक्स मीटर धरलं. ऊन खायच्या जागी आकडा ३ ते ५ च्या आसपास हवा. मीटरवर ०.० आलं. ट्यूबच्या अगदी जवळ नेलं तरी ०.०.

तीच ट्यूब घेऊन मी लोहार चाळीत, मुंबईतल्या विजेच्या सामानाच्या बाजारात, गेले. तिथल्या दुकानदार काकांनी ती हातात फिरवली, टोकाजवळच्या स्टिकरची कड नखाने उचलली, आणि खाली दुसरंच छापलेलं निघालं. "मॅडम, ही तर मिठाईच्या दुकानात माश्या पकडायच्या मशीनमध्ये लागते." दोन-तीनशे रुपयांची वस्तू. एका परदेशी कंपनीचं नाव छापलेला स्टिकर त्यावर चिकटवला की झाली इंपोर्टेड.

मग बाकीचं तपासायला घेतलं आणि एकेक उघडं पडत गेलं. थर्मोस्टॅटचा आकडा मी १० अंशांनी खाली आणला तरी बल्ब पेटलेलाच. आमच्या इलेक्ट्रिशियनने मागची पट्टी उघडली, तर बल्बची वायर थर्मोस्टॅटला न शिवता सरळ प्लगपर्यंत गेलेली. नुसता आकडा दाखवायला तो डबा बसवला होता. दगडाचं तापमान मोजलं तर ५० च्या वर. आणि सिरॅमिक म्हणून सांगितलेला होल्डर साध्या प्लॅस्टिकचा होता, आतून तपकिरी पडून एका बाजूला वाकलेला. आम्ही कामाला बाहेर असताना हे दिवसभर चालू असायचं, ही गोष्ट मला अजूनही सुचू देत नाही.

प्लायचं बिंग पावसाने फोडलं. जुलैत मुंबईची हवा कशी असते ते सांगायला नको. खालच्या कडा फुगल्या, लॅमिनेट सुटलं. इमारतीतल्या सुतारकाकांनी त्या फटीत स्क्रू ड्रायव्हर घातला आणि हातावर भुसा ओतून दाखवला. आत पार्टिकल बोर्ड होता, प्लायचा एक थरही नाही. काचेचंही तसंच. दार अडकत होतं म्हणून त्या माणसाने आमच्या पॅसेजमध्ये बसून काच कटरने कड कापली होती. काचवाल्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, टफन्ड काच एकदा टफन झाली की कापता येत नाही, कापायला गेलं तर तिचा चुरा होतो.

त्याला फोन केला तर आधी म्हणाला, तुमचा प्राणी आधीपासूनच आजारी असणार. मग म्हणाला, नवी ट्यूब देतो, ३,५०० पाठवा. मी डॉक्टरांचा रिपोर्ट पाठवल्यावर ब्लॉक. काही दिवसांनी तेच फोटो दुसऱ्या नावाच्या पेजवर दिसले. या वेळी मुलीने ते मोठे करून पाहिले. एका फोटोत भिंतीवरच्या सॉकेटला दोन उभ्या चपट्या फटी होत्या, अमेरिकेत असतात तशा. म्हणजे निदान त्या फोटोतलं काम तरी त्याचं नव्हतं. बिल म्हणून दिलेल्या कागदावरचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकला, तर तो भलत्याच धंद्याच्या नावावर निघाला. क्रमांक २७ ने सुरू होतो, म्हणजे महाराष्ट्राचा, एवढं बघून थांबू नका. पोर्टलवर नाव जुळतं का ते पाहा. छोट्या कारागिराकडे जीएसटी क्रमांक नसूही शकतो, त्यात वावगं काही नाही. दुसऱ्याचा क्रमांक छापणारा मात्र ठरवूनच आलेला असतो.

माझं कळकळीचं सांगणं आहे की लाकडी पेटी आणि लाइट एकाच माणसाकडून घेऊ नका. ट्यूब स्वतंत्र घ्या, सीलबंद खोक्यातली, आणि शक्य असेल तर डॉक्टरांकडे किंवा एखाद्या जुन्या पाळणाऱ्याकडे मीटर असतं, त्यावर तपासून मगच लावा. खरी ट्यूबही ६ ते १२ महिन्यांत क्षीण होते, उजेड तसाच दिसतो पण यूव्हीबी उतरते, हेही ध्यानात असू द्या. लॅमिनेट चढवण्याआधी प्लाय प्रत्यक्ष बघायला जा. मरीन प्लायवर आयएस ७१० चा शिक्का असतो, आणि कडेला थर मोजता येतात. थर्मोस्टॅट तुमच्यासमोर खाली करून बल्ब बंद होतो का ते बघा. हे सगळं झाल्याशिवाय शेवटचा हप्ता हातातून सोडू नका, तो कितीही "ताई, टेम्पो खाली उभा आहे" म्हणाला तरी.

आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि आता जिल्हा ग्राहक आयोगाचे कागद तयार करतोय. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि मुदत २ वर्षांची असते. ज्यांनी आगाऊ पैसे दिले आणि माणूसच गायब झाला, त्यांनी लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करावा. तिथे जितका उशीर तितके पैसे परत मिळणं अवघड. चॅट, यूपीआयच्या पावत्या, स्टिकरसकट ट्यूब, डॉक्टरांचा रिपोर्ट, सगळं जपून ठेवा. ब्लॉक झाल्यावर त्याचा प्रोफाइल फोटो दिसेनासा होतो, म्हणून स्क्रीनशॉट आधीच काढा.

दगडूला आता खरी ट्यूब आहे, औषध चालू आहे, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने सकाळी कोवळ्या उन्हात त्याला गच्चीवर नेते, जाळीच्या टोपलीत, काचेच्या पेटीत नाही, कारण पेटी उन्हात पटकन तापते. पायांची थरथर कमी झाली आहे. जबड्याचा आकार थोडा वाकडा झालाय, तो तसाच राहील असं डॉक्टर म्हणतात. त्यामुळे किडे त्याला चिमट्याने भरवावे लागतात.