मासिक, रील की क्लब?

ऑफिसमधल्या एका पोराने विचारलं, "पावसाळा तोंडावर आलाय. परदेशी ट्रेकिंग मासिकाची वर्गणी भरू, की रील्स फुकट आहेतच, की सरळ एखाद्या क्लबात जाऊ?" त्याला दोन गोष्टी ठरवायच्या होत्या: बूट-जॅकेट कोणतं आणि शनिवारी कुठे.

सामानाच्या बाबतीत मासिक रीलपेक्षा केव्हाही सरस. वजन ग्रॅममध्ये, किती चालून पाहिलं, शिवण कुठे उसवली, सगळं लिहिलेलं असतं. रीलवाल्याचं परीक्षण खोकं उघडलं की संपतं, बूट अजून कोरा करकरीत.

पण मासिकाचा निकाल तिकडच्या हवेतला. घामाची वाफ बाहेर सोडणाऱ्या वॉटरप्रूफ जॅकेटचंच उदाहरण घ्या. वाफ बाहेर जायला आतल्यापेक्षा बाहेर कोरडं हवं. जुलैत ताम्हिणीत बाहेरही तेवढंच दमट. पावसाने नाही भिजलात तर घामाने भिजता. बुटांचंही तेच. माझ्या पाच आकडी वॉटरप्रूफ बुटांत अंधारबनच्या पहिल्याच ओढ्याचं पाणी वरून शिरलं आणि बाहेर यायचं नाव घेईना. मागचा मित्र ॲक्शनच्या साध्या बुटांत पचक पचक करत थोड्या वेळात मोकळा. शेवाळलेल्या काळ्या कातळावर कोणता सोल धरतो, हे क्लबातल्या जुन्या माणसालाच विचारावं. तो एका वाक्यात सांगतो, वर तुमच्या बुटांची किंमत ऐकून हसतो. स्लीपिंग बॅग हिमालयात न्यायची असेल तर मात्र मासिकच वाचा.

जागेचं गणित उलटं. बुटाची माहिती जितकी नेमकी तितकी कामाची, नाजूक जागेची जितकी नेमकी तितकी घातक. राजगड, लोहगडाचं नाव छापल्याने काही अडत नाही, २०२५ पासून दोन्ही जागतिक वारसा यादीतच आहेत. सड्याची, म्हणजे उघड्या कातळ-पठाराची, गोष्ट वेगळी. कातळावर बोटभर माती, तिच्यात पावसाळ्यापुरता फुलोरा. खरपुडीच्या एका फुलासाठी कुणी गुडघे टेकून फोटो काढतो आणि उठतो तेव्हा शेजारची चार रोपं चिखलात लोळलेली असतात. कासला गर्दी लोटली, तेव्हा आगाऊ नोंदणी, शुल्क आणि रोजच्या माणसांवर मर्यादा आली. तिथे निदान राखायला गावकऱ्यांच्या समित्या आहेत. बिननावाच्या सड्याला कोण आहे?

रील नेमकी तिथेच पिन टाकते, आणि देवकुंड धबधब्याला पावसाळ्यात बंदी घातली जाते हे सांगायला तिला वेळ नसतो. मासिक हंगाम आणि परवानग्या सांगतं, पण 'छुपा धबधबा' असा मथळा देऊन नकाशाही छापायचा मोह त्यालाही आवरत नाही. अमेरिकेतल्या जॅक्सन होलच्या पर्यटन मंडळाने तर २०१८ मध्ये लोकांनाच विनवलं, फोटोवर नेमकं ठिकाण टाकू नका.

क्लबात वाट माणसाकडून माणसाकडे जाते, म्हणून मी क्लबाच्या बाजूचा. अर्थात शंभर जणांची बस भरणारा क्लब म्हणजे चाकांवरची रीलच. पैसे भरण्याआधी विचारायचं: बॅचला किती जण?

पोराला म्हटलं, मासिकाचा बुटांचा अंक कुणाकडून मागून वाच, वर्गणी क्लबाला दे. तो माझ्या फोनमधला खरपुडीचा फोटो बघत होता.

"हे कुठलं?"

"मुळशीच्या पलीकडचं."

"मुळशीच्या पलीकडे अख्खं कोकण आहे, सर."