निओप्रीनचे फोर्क सॉक्स: एक अख्खा पावसाळा वापरल्यानंतर

फोर्कवर, म्हणजे बाईकच्या पुढच्या चाकाच्या दोन शॉकअपवर, चिखल आत जाऊ नये म्हणून गुंडाळायचे हे सॉक्स जूनच्या तोंडावर बसवले होते, आता दिवाळी झाली, म्हणजे लिहायला हरकत नाही. घ्या, पण लावले आणि विसरलो असं चालत नाही यांचं.

डर्ट बाईकला अपसाईड डाऊन फोर्क, म्हणजे चकचकीत नळी खाली चाकाशेजारी, सगळा चिखल तिच्यावरच. तो वाळून नळीला धरतो, फोर्क दबला की डस्ट सीलच्या (धूळ अडवणारी बाहेरची रबरी कडी) आत सरकतो आणि ऑइल सीलच्या (तेल आत धरणारी कडी) लिपमध्ये, म्हणजे पातळ कडेत, एक कण जरी अडकला तरी तेल झिरपायला लागतं. आणि ते खाली ब्रेकच्या कॅलिपर-डिस्कवर उतरतं, त्यामुळे थोडंसंच आहे म्हणून चालवू नका, पॅडला तेल लागलं की पॅड गेले.

मी आखूडवाले घेतले, सीलच्या तोंडावर गुंडाळायचे, वेल्क्रोचे, चाक काढावं लागत नाही. वेल्ह्याकडच्या लाल चिखलात फरक लगेच दिसला, आतली नळी बऱ्यापैकी स्वच्छ. पण प्रत्येक राईडनंतर सोडून धुऊन वाळवायचे म्हणजे वाळवायचेच, नाहीतर आत बारीक रेती साठते आणि तोच सॉक्स नळीवर पॉलिश पेपरसारखा फिरतो.

तरी ऑगस्टमध्ये डावा फोर्क ओला दिसलाच. मेकॅनिक म्हणाला, "सील बदलून टाकू." म्हटलं थांब जरा. डस्ट सील पातळ स्क्रूड्रायव्हरने हळूच खाली उतरवलं, जुनी एक्स-रे फिल्म पट्टीसारखी कापून टोकाला हुकासारखा आकडा ठेवला, तो नळी आणि सीलच्या मधून वर सरकवून गोल फिरवून खाली ओढला, काळं किटण बाहेर आलं. पुसलं, फोर्क दाबला, परत तेच, आणि गळती थांबली. मोशन प्रो कंपनीचं सील मेट नावाचं हत्यार हेच काम करतं, चांगलंय, पण एक्स-रे घरात पडलेलाच असतो ना.

एवढं करूनही गळत असेल तर नळीवर नख फिरवून बघा, कुठे अडकलं तर तिथे ओरखडा आहे, त्याची वर आलेली धारच फक्त २००० नंबरच्या पॉलिश पेपरने तेल लावून मारायची. ती न मारता नवीन सील टाकलं तर तेही फाटणार. सील दोन्ही बाजूंची एकदमच बदला, बुश (नळी ज्यांवर सरकते त्या कड्या) पण बघून घ्या, आणि नवीन सील चढवताना नळीच्या टोकावर प्लास्टिकची पिशवी घालून फोर्क ऑइल चोपडा म्हणजे लिप कापत नाही. तेलाची लेव्हल मॅन्युअलप्रमाणेच.

प्रेशर वॉशरचा फवारा सीलवर मारू नका, हे वेगळं सांगायला नको. छोटा हत्तीत गाडी बांधताना पट्टे आवळून फोर्क तळापर्यंत दाबू नका, चाक आणि मडगार्डमध्ये लाकडी ठोकळा घाला. आणि फोर्कच्या वरच्या टोकाला ब्लीड स्क्रू (आत साठलेली हवा सोडायचे) असतील तर पुढचं चाक हवेत ठेवून अधूनमधून हवा सोडा, घाट चढून गेल्यावर तर नक्कीच, फुस्स आवाज येतो बघा.

वेल्क्रो मात्र चिखलाने भरून एका बाजूने सुटायला लागलंय, पुढच्या जूनला नवीन जोडी लागणार.