फोन कोंडायचा टायमरवाला डबा: चार महिने वापरून झाल्यावर

आधीच सांगते, या डब्याला मी खूप हसले होते. धाकट्या बहिणीने लिंक पाठवली तेव्हा तिला लिहिलं होतं की अगं फोन ड्रॉवरमधे ठेवला की झालं, त्याला कुलूपवाला डबा कशाला, मी काय लहान मूल आहे का. तर हो, आहे. ड्रॉवर उघडायला दोन सेकंद लागतात आणि आपण तो उघडलाय हे फोन हातात आल्यावरच कळतं.

वस्तू काय आहे ते बघू. जाड प्लॅस्टिकचा चौकोनी डबा, दोन-तीन फोन सहज मावतील एवढा, झाकणावर एक गोल बटण. बटण फिरवून वेळ लावायची, दाबायचं, मग पाच सेकंद उलटे आकडे चालतात (तेवढ्यात विचार बदलला तर परत दाबून रद्द करता येतं) आणि मग आतून कट्ट आवाज येऊन खिट्टी बसते. त्यानंतर वेळ संपेपर्यंत पासवर्ड नाही, इमर्जन्सी बटण नाही, काही नाही. कमीत कमी एक मिनिट लावता येतं, जास्तीत जास्त काही दिवस, ते कोण लावतं देव जाणे. पेन्सिल सेलवर चालतो. अ‍ॅप नाही, वायफाय नाही, अकाउंट उघडायची भानगड नाही, आणि हेच मला सगळ्यात आवडलं कारण लक्ष लागावं म्हणून घेतलेली वस्तूच नोटिफिकेशन पाठवायला लागली तर मग कुठे जायचं माणसाने.

यापूर्वी फोनमधलीच टाइम लिमिट लावून बघितली होती. २०१८ पासून दोन्ही प्रकारच्या फोनमधे ती सोय आलीये, पण लिमिट संपली की स्क्रीनवर जे पान येतं त्यावरच ती ओलांडायची वाट पण दिलेली असते, आणि माझा अंगठा ते पान न वाचताच तिथे जायला शिकला होता. स्क्रीन काळीपांढरी करून पण बघितली. चार दिवस छान वाटलं, पाचव्या दिवशी काळ्यापांढऱ्या रील्स बघत बसले होते.

माझं काम भाषांतराचं, घरूनच करते. म्हणजे समोर कोणी बसलेलं नाही, आणि एखाद्या शब्दाचा अर्थ बघायला फोन उचलला की अर्थ मिळतो आणि वर चाळीस मिनिटं जातात. मला आधी वाटायचं की दोष नोटिफिकेशनचा आहे, सारखं टिंगटिंग होतं म्हणून लक्ष जातं. म्हणून डबा आल्यावर पहिल्या दिवशी मी एक प्रयोग केला, फोन आत टाकून ९० मिनिटं लावली आणि हात फोनकडे गेला की समोरच्या प्रिंटआउटच्या समासात, ज्या ओळीवर असेन तिथे, पेन्सिलीने एक ठिपका द्यायचा असं ठरवलं. हात म्हणजे खरंच हात हं, टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात फोन असायचा, तिथे तो आपोआप जायचा आणि नुसतं लाकूड लागायचं.

सत्रा ठिपके. त्या वेळात डब्यातून आवाज आला फक्त दोनदा. म्हणजे बाकी पंधरा वेळा कोणी बोलावलेलं नसताना मीच उठून निघाले होते, भोज्याला शिवून यावं तशी. नंतर वाचलं की ग्लोरिया मार्क नावाच्या संशोधक बाई वर्षानुवर्षं हेच मोजतायत, ऑफिसात काम करणाऱ्या लोकांच्या मागे उभं राहून, नंतर कॉम्प्युटरवर नोंदी घेऊन, आणि त्यांच्या निरीक्षणात जवळजवळ निम्म्या वेळा माणूस स्वतःच स्वतःला उठवतो, बाहेरून कोणी नाही. २००४ च्या सुमाराला एका स्क्रीनवर लोक सरासरी अडीच मिनिटं टिकायचे, अलीकडच्या मोजणीत ते ४७ सेकंदांच्या आसपास आलंय. माझं बहुतेक त्याच्याही खाली असेल, मोजायची हिंमत नाही.

पण खरी गंमत ठिपके कुठे पडले त्यात होती. सोप्या परिच्छेदांना एकही नाही. एक करारातलं लांबलचक वाक्य होतं, ज्यात क्रियापद शेवटी येईपर्यंत कर्ता कोण हेच विसरायला होतं, तिथे एकट्याला सहा. म्हणजे कंटाळा आला म्हणून मी फोन घेत नव्हते, वाक्य अडलं की पळत होते! डबा बंद असल्यामुळे पळायला जागाच नव्हती, मग दोन-तीन मिनिटं नुसतं त्या वाक्याकडे बघत बसायचं, चिडचिड व्हायची, आणि मग कधीतरी ते सुटायचं. डब्याने माझी एकाग्रता वाढली असं मी म्हणणार नाही, फक्त त्या दोन-तीन मिनिटांत मला खुर्चीत बसवून ठेवलं आणि मला नेमकं तेवढंच हवं होतं हे मला कळलं नव्हतं.

आता तक्रारी, आणि त्या आहेत.

पहिली म्हणजे पारदर्शक डबा घेऊ नका. मी घेतला कारण दिसायला छान होता. आत स्क्रीन पेटली की डोळा जातो आणि कोणाचा मेसेज हे कळत नाही म्हणून जीव अजूनच टांगणीला. सध्या फोन जुन्या मोज्यात घालून डब्यात ठेवते, हसा खुशाल. तसं २०१७ मधे एड्रियन वॉर्ड आणि मंडळींनी टेक्सास विद्यापीठात एक प्रयोग केला होता, काहींचा फोन टेबलावर, काहींचा खिशात नाहीतर बॅगेत, काहींचा दुसऱ्या खोलीत, सगळे सायलेंट, आणि डोक्याला ताण देणाऱ्या चाचण्यांत दुसऱ्या खोलीवाले सगळ्यात पुढे. नंतर इतरांनी तसेच प्रयोग केले तेव्हा प्रत्येक वेळी तेवढा फरक दिसला नाही हे पण खरं, तेव्हा त्याला ब्रह्मवाक्य समजू नका. पण माझ्यापुरतं सांगायचं तर टेबलावरचा डबा आणि बाहेरच्या खोलीतला डबा यात फरक आहे, आणि मोज्यातला फोन मधे कुठेतरी बसतो.

दुसरी, व्हायब्रेशन. प्लॅस्टिकवर फोन थरथरला की भुंगा अडकल्यासारखा आवाज येतो, पूर्ण सायलेंट करूनच ठेवा. आणि अलार्म! दुसऱ्याच आठवड्यात झालेला किस्सा, आईला गोळी द्यायचा अलार्म मी बंद करायला विसरले आणि डबा दोन तासांसाठी लावून मोकळी झाले. पाऊण तासाने आत अलार्म सुरू. तो आपोआप थांबायचा, दहा मिनिटांनी परत, बंद करायला हात पोचत नाही. आईला गोळी दिली, पण फोनला कोण सांगणार की दिली म्हणून. शेवटी डबा दोन उशांमधे कोंबून कपाटात ठेवला तर आई दारात उभी राहून म्हणते, "अगं लक्ष लागावं म्हणून आणलंयस ना हे?" तिला काही उत्तर देता आलं नाही.

तिसरी, ओटीपी. एकदा लॅपटॉपवर बँकेत लॉगिन केलं, पासवर्ड टाकला, एंटर मारलं, आणि त्याच क्षणी डब्यात गुर्र झालं. आला ओटीपी, आत. त्यामुळे बँक, बिलं, ऑफिसचं लॉगिन जे काय असेल ते डबा लावायच्या आधी उरकून घ्यायचं, आता सवय झालीये.

आणि चौथी गंमत नाही म्हणून नीट सांगते. घरात कोणी आजारी असेल, लहान मूल शाळेत असेल, किंवा तुमच्याशिवाय दुसरं कोणी फोन उचलणारं नसेल तर फक्त या डब्याच्या भरवशावर राहू नका. आत वाजलेला फोन तुम्ही घेऊ शकत नाही, डबा फोडायला लागेल, आणि तो सहज फुटत नाही. मी एक जुना बटणांचा फोन बाहेर ठेवलाय, त्याचा नंबर फक्त चार जणांकडे आहे. चार महिन्यांत तो तीनदा वाजला, त्यातले दोन राँग नंबर.

वेळ किती लावायची यावर प्रत्येकाचं वेगळं असणार. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं सुट्टी, असे चार झाले की मोठी सुट्टी ही जी पोमोडोरोवाली पद्धत आहे ती फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन गृहस्थांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीला स्वतःच्या कॉलेजच्या अभ्यासासाठी काढली, टोमॅटोच्या आकाराचा किचन टायमर लावून, नाव त्यावरूनच. अभ्यासाला, ईमेल उरकायला मस्त आहे. भाषांतराला मात्र मला ती जमली नाही, सूर लागायलाच पंधरा मिनिटं जातात आणि दहा मिनिटांत घंटी. मी ५० लावते, चांगला दिवस असेल तर ९०. सुरुवातीलाच दोन-तीन तास लावू नका, उगाच डब्यावर राग निघतो.

झाकणावर मी एक छोटी वही ठेवते. फोन उघडल्यावर काय काय करायचंय ते त्यात लिहायचं. अमुक नटीचं वय किती, पाऊस येणार का, ताईला मेसेज, त्या सीरियलमधला तो माणूस आणखी कशात होता. डबा उघडेपर्यंत यातल्या निम्म्या गोष्टींची मला स्वतःलाच लाज वाटते, ताईचा मेसेज तेवढा उरतो.

जे या डब्याने होत नाही ते पण लिहायला हवं. फोन आत गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी लॅपटॉपवर तीच साइट उघडून बसले होते, म्हणजे ये रे माझ्या मागल्या. त्यासाठी लॅपटॉपवर कामाचं वेगळं युजर अकाउंट केलं ज्यात कुठलंच लॉगिन सेव्ह नाही, पासवर्ड टाकायचा कंटाळा येतो एवढीच त्याची ताकद. आणि एखाद्या दिवशी झोप नीट झालेली नसली तर डबा, वही, मोजा सगळं असून मी खिडकीबाहेर बघत बसते. त्याला डबा काय करणार.

मजबुतीला पूर्ण मार्क. सेल अजून पहिलेच चालू आहेत. डायल मात्र जरा जास्तच घसरता आहे, ५० लावायला जावं तर ५४ होतं, मागे फिरवावं तर ४७. पाचपैकी चार स्टार, एक अलार्मच्या दिवसाचा कापला, खरं तर चूक माझी होती तरी कापला.

डब्याचे आणि त्या ठिपकेवाल्या पानाचे फोटो टाकणार होते, पण ते फोनमधे आहेत आणि हे लिहायला बसताना तो आत टाकलाय. अजून २६ मिनिटं आहेत. उघडला की टाकते.