घरच्या घरी पेट्रोल ट्युनिंग शिकायचंय: कार्ब्युरेटरवर की इंजेक्शनवर?

दोन्ही गाड्या माझ्या खळ्यात उभ्या आहेत. एक १९९६ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली. दुसरी २००३ची, इंजेक्शनची. तिचा मूळ कंट्रोलर (पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणारा संगणक) काढून मी स्पीडुइनो, म्हणजे लॅपटॉपवरून बदलता येणारा कंट्रोलर, बसवला. घर रत्नागिरीजवळ, समुद्र हाकेच्या अंतरावर. हे मुद्दाम सांगतो, कारण माझा निर्णय शेवटी खाऱ्या वाऱ्यानेच केला. जेट, फ्लोट, इंजेक्टर हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरून पुढे लिहितो.

शिकण्याच्या वेगात इंजेक्शनचा हात धरणारं काही नाही. लॅपटॉपवर १६ बाय १६ घरांचा तक्ता समोर असतो, एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीचा) दाब, प्रत्येक घरात पेट्रोलचा आकडा. हातखंब्याच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये एखाद्या घरात मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी, दिसलं, तर तेवढंच घर वाढवायचं. बिघडलं तर कालची फाइल परत चढवायची. शेजारच्या सीटवर मात्र दुसरं कोणी हवंच. माझा चुलत भाऊ लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायचा. कार्ब्युरेटरवर हाच बदल करायचा म्हणजे झाकण उघडा, जेट बदला, गॅस्केट सांभाळून पुन्हा बसवा. अर्धा तास जातो, आणि मग कळतं की जेट मोठाच झाला.

घाटातही इंजेक्शन सरस. साखरपा सोडून आंबा घाट चढलं की हवा साधारण सात टक्के विरळ होते. कार्ब्युरेटरमधलं हवा-पेट्रोलचं प्रमाण हवेच्या घनतेच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतं, म्हणून वर पोचेपर्यंत तीन-चार टक्के रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. कोल्हापूरला पोचेपर्यंत गाडी जराशी जड वाटते. इंजेक्शन दाब मोजून पेट्रोल आपोआप कमी करतं.

इथपर्यंत वाचून कुणीही इंजेक्शनच घेईल. मीही तेच घेतलं होतं.

मग पावसाळा आला. जुलैमध्ये दुसरी ८०० हळूहळू रिच व्हायला लागली. वाइडबँडवर (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरवर) पूर्ण थ्रॉटलला मला लॅम्डा (१ म्हणजे नेमकं मिश्रण, त्याखाली रिच) ०.८८ हवा होता, दिसत होता ०.८१-०.८२. मला वाटलं, माझाच तक्ता चुकला. पडवीत बसून रोज संध्याकाळी एकेक घर कमी करत गेलो, आठ टक्क्यांच्या आसपास. गाडी सुरेख चालायला लागली आणि मला ट्युनिंग जमलं याचा मनापासून आनंद झाला.

गणपतीच्या आधी आमच्या मेस्त्रींनी सहज बॉनेट उघडलं आणि कूलंटचं तापमान सांगणाऱ्या सेन्सरचा कनेक्टर ओढून काढला. पिनेवर हिरवा गंज. "लॅपटॉप राहू दे रे, आधी पिना बघ," एवढंच म्हणाले. हा सेन्सर तापला की त्याचा रोध उतरतो: २० अंशांना सुमारे अडीच किलोओहम, ८० अंशांना जेमतेम ३०० ओहम. गंजाने वर आणखी ३०० ओहम घातले की कंट्रोलरला इंजिन ६० अंशांवरच आहे असं वाटतं, आणि गार इंजिनासाठीचं जादा पेट्रोल तो सोडत राहतो. मी पूर्ण पावसाळा दुरुस्त करत होतो तो तक्ता मुळात बरोबर होता. पीन घासली, जादा पेट्रोल थांबलं, आणि तोच लॅम्डा ०.९५वर गेला. पाली ओलांडल्यावर पूर्ण थ्रॉटलला इंजिन नॉक व्हायला, म्हणजे आतून ठोके मारायला लागलं. पाय वेळेत काढला म्हणून पिस्टन वाचले.

तापमानाचा आकडा स्क्रीनवर होता, मी बघायला हवा होता, हे मान्य. कनेक्टरात ओल रोखणारं डायलेक्ट्रिक ग्रीस भरलं असतं तर बरंच टळलं असतं. पण नवशिक्याची नजर लॅम्डावर असते, आणि इथल्या हवेत खोटं बोलू शकणाऱ्या पिना मी मोजल्या तर डझनभर निघाल्या. शिकण्याचा अर्धा वेळ पेट्रोलऐवजी वायरिंगवर जातो.

कार्ब्युरेटर पावसाळ्यात त्रास देत नाही असं नाही. महिनाभर गाडी उभी राहिली की बाऊलमध्ये पांढरी पूड धरते, इथेनॉलने ओढलेलं पाणी तळाशी बसतं, आयडल जेट बुजतो. पण हे सगळं डोळ्यांना दिसतं. झाकण काढा, साफ करा, झालं. तो बिघडतो तेव्हा बिघडल्यासारखाच वागतो.

ई२० (२० टक्के इथेनॉलवाल्या) पेट्रोलचा धडाही मला कार्ब्युरेटरनेच नीट दिला. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, ई२०ला साधारण १३.५. म्हणजे जुन्या जेटवर गाडी आठेक टक्के लीन. बऱ्याच जेटांवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो आणि प्रवाह क्षेत्रफळावर ठरतो, म्हणून १००चा जेट १०४च्या आसपास न्यायचा. इंजेक्शनच्या गाडीत मी हाच बदल एका खिडकीत एक आकडा टाकून केला होता, आणि काय केलं ते मला तेव्हा कळलंही नव्हतं.

पुण्यात किंवा साताऱ्यात राहणाऱ्याचा अनुभव वेगळा असू शकतो. कोरड्या हवेत कदाचित मीही इंजेक्शनच सुचवलं असतं. रोज कामावर न्यायची एकच गाडी असेल तर तिच्या इंजेक्शनला हात न लावलेलाच बरा. पण देवगड, मालवण, गुहागर, हर्णैकडे कुणी विचारलं, तर मी आपला जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीकडे बोट दाखवतो. पीयूसीचीही तिथे फार अडचण येत नाही: २०००च्या आधीच्या अशा गाडीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत चालतो, बीएस-२ आणि बीएस-३ गाड्यांना ०.५.

काहीही निवडा, पहिला खर्च वाइडबँडवर करा आणि आकडा लॅम्डातच वाचा, म्हणजे पेट्रोल बदललं तरी १ हा १च राहतो. सेन्सरची नळी सायलेन्सरच्या पाइपला वरच्या बाजूने, तिरकी वेल्ड करून घ्या. खालून लावली तर पाणी साचून सेन्सर जातो. आणि वाइडबँडची वीज बंद ठेवून गाडी चालवू नका, न तापलेला सेन्सर काजळीने बाद होतो. माझा पहिला तसाच गेला.