व्हीएस कोडमधलं कोड फोल्डिंग: कांद्याच्या भावाच्या ११०० ओळींच्या स्क्रिप्टवर वापरून बघितलं

मी नाशिकला पंचवटीत एका कांदा व्यापाऱ्याकडे हिशोबाचं काम बघतो आणि रोजचा भावाचा तक्ता काढायचं पण माझ्याकडेच आहे. लासलगाव, पिंपळगाव, उमराणे, चांदवड, येवला, मनमाड इथले आकडे दुपारपासून व्हॉट्सॲपवर यायला लागतात, आवक किती, किमान किती, कमाल, सरासरी, ते मी शीटमध्ये टाकतो आणि पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेली एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, त्याच्यावरून तक्ता, आलेख आणि ग्रुपवर टाकायचा मेसेज बनवते. सुरुवातीला दीडशे ओळी होत्या, मग उन्हाळ आणि लाल कांदा वेगळा करा, गोल्टीचा (बारीक कांद्याचा) भाव वेगळा दाखवा, मागच्या आठवड्याशी तुलना टाका असं करत करत ती ११०० च्या वर गेली. ऐन आवकेच्या दिवसांत कोणीतरी गावाचं नाव वेगळंच लिहून पाठवतं, 'लासलगांव' वर टिंब देऊन किंवा नुसतं 'पिंपळगाव ब.', की तक्त्यात एकच बाजार दोनदा यायचा, आणि ती दुरुस्ती कुठल्या ओळीत करायची हे शोधण्यात माझी दहा-पंधरा मिनिटं जायची, तिकडे शेठचा फोन चालू.

ही स्क्रिप्ट लिहायला व्हीएस कोड हा कोड एडिटर मी तसा बरेच दिवस वापरतोय. फुकट आहे, विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हीवर चालतं, २०१५ मध्ये आलं. पण त्यातलं कोड फोल्डिंग, म्हणजे कोडचा एखादा भाग मिटवून एकाच ओळीत ठेवणं, आणि त्यासाठी ओळ नंबरच्या शेजारी जे बारीक बाण असतात ते मी कधी मनावर घेतलेच नव्हते. त्याला कारण पण आहे, बाण तसे लपलेले असतात, माउस त्या पट्टीवर नेला तरच दिसतात. सेटिंगमध्ये फोल्डिंग कंट्रोल शोधून ते 'ऑलवेज' करा, सगळ्यात आधी हेच करा.

बाण दाबला की फंक्शन (एका कामासाठी एकत्र लिहिलेल्या ओळी) मिटतं, एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं. पण माझं काम खरं सोपं झालं ते रीजनमुळे. पायथनमध्ये हॅश (#) टाकून पुढे इंग्रजीत रीजन लिहायचं, त्याच ओळीत आपल्याला हवं ते नाव, आणि तो भाग संपला की तसंच हॅश एंडरीजन. पायथनला ती साधी कॉमेंट, म्हणजे माणसासाठी लिहिलेली टीप, वाटते, स्क्रिप्ट चालण्यावर काही फरक नाही, पण एडिटर तेवढा सगळा भाग एका ओळीत मिटवतो. नाव मराठीत दिलं तरी चालतं! मी माझ्या फाइलचे सात भाग केले: शीट वाचणं, गावांची नावं सारखी करणं, सरासरी काढणं, मागच्या आठवड्याशी तुलना, आलेख, पीडीएफ, मेसेज. आता सकाळी फाइल उघडली की कंट्रोल के, कंट्रोल आठ (कंट्रोल धरून आधी के, मग आठ), आणि स्क्रीनवर तेवढीच सात नावं राहतात (वरच्या इम्पोर्टच्या ओळी सोडून). कंट्रोल के, कंट्रोल नऊ केलं की रीजन परत उघडतात. सगळंच्या सगळं मिटवायचं तर आठच्या जागी शून्य, उघडायचं तर इंग्रजी J. आणि एकाच भागात बसून काम करायचं असेल तर कंट्रोल के, कंट्रोल वजा, कर्सर जिथे आहे तो भाग उघडा राहतो, बाकी सगळं मिटतं. हे मला सगळ्यात जास्त आवडलं.

शोधायला पण अडत नाही. कंट्रोल एफ करून 'उमराणे' टाकलं तर मिटलेल्या भागातलं पण सापडतं आणि तिथे गेलं की तो भाग आपोआप उघडतो.

एक गोष्ट मात्र सांभाळा. मिटलेली ओळ दिसायला एक असते पण तिच्या पोटात शंभर-दीडशे ओळी असतात. ती सिलेक्ट करून खालच्या ओळीपर्यंत आलात आणि कट केलं तर आतलं सगळं जातं. पूर्ण भाग उचलून दुसरीकडे ठेवायला हे फार छान आहे, तुलनेचा भाग मी असाच उचलून आलेखाच्या वर नेला, पण नुसतं नाव पुसायचं म्हणून तशीच सिलेक्ट करून डिलीट केलं तर सगळा भागच उडतो. माझा मेसेजचा भाग असाच गेला होता, लगेच कंट्रोल झेड केलं म्हणून परत आला. नाव बदलायचं असेल तर आधी उघडा मग बदला.

दुसरं, फोल्डिंग जर इंडेंटवर (ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या जागेवर) चालत असेल तर तीन अवतरण चिन्हांत लिहिलेला मोठा मजकूर घोळ करतो. माझा ग्रुपवरचा मेसेज असाच अगदी डाव्या कडेला चिकटून लिहिलेला आहे, त्यामुळे फंक्शन अर्धंच मिटायचं आणि 'नमस्कार शेतकरी बंधूंनो'पासूनचं सगळं बाहेर लोंबायचं. त्या फंक्शनभोवती रीजन टाकलं आणि प्रश्न मिटला, कारण रीजन आतलं इंडेंट बघत नाही. एंडरीजन लिहायला विसरलात तर मात्र ते रीजन मिटणारच नाही, बाण दिसत नसला की आधी तेच तपासा.

काही जण म्हणतील एवढी मोठी फाइल ठेवायचीच कशाला, तुकडे करून वेगवेगळ्या फाइल करा. बरोबर आहे, एकच हिशोब चार ठिकाणी लिहिलेला असेल तर तो मिटवून ठेवल्याने सुधारत नाही, आधी त्याचं एक फंक्शनच करायला पाहिजे, मी पण सरासरीचं तसं केलं. पण माझी स्क्रिप्ट पेनड्राइव्हवरून खळ्यावरच्या कॉम्प्युटरवर जाते आणि तिथे एकच फाइल बरी पडते, सात फाइलींपैकी एक राहिली तर संध्याकाळचा तक्ताच निघत नाही. खळ्यावर नोटपॅड प्लस प्लस हा दुसरा एडिटर आहे, तिथे पण ऑल्ट आणि शून्य दाबलं की फंक्शनं मिटतात, आणि रीजनच्या ओळी निदान ठळक मथळे म्हणून वाचता येतात.

मागच्या महिन्यात मी लग्नाला गावी गेलो होतो. ऑफिसात निफाडचा एक नवीन पोरगा आलाय, त्याला पायथन जेमतेम येतं. दुपारी त्याचा फोन आला, "दादा, येवल्याचं नाव दोनदा येतंय, कुठे बघू?" मी म्हटलं सगळं मिटव आणि 'गावांची नावं' उघड. फोन चालू असतानाच त्याने यादीत एक ओळ वाढवली आणि तक्ता वेळेत गेला. आता लाल कांद्याच्या प्रतवारीचा आठवा भाग तोच लिहितोय, रीजन टाकून.