टाळू शाबूत, बिल ग्राफ्टचं

हिरड्या उतरल्यात म्हणून कुणी ‘सॉफ्ट टिश्यू ग्राफ्ट’ (उघड्या मुळावर ऊतीचा तुकडा बसवणं) सुचवला, तर आधी विचारा: ग्राफ्टचा तुकडा आणणार कुठून? ऐरोलीतल्या एका चकचकीत दवाखान्याने माझ्या आईला यातलं काही न सांगता चार दातांचे ७२,००० रुपये लावले. तक्रार चालू आहे, म्हणून नाव लिहीत नाही.

कडक ब्रशने आडवं रेटून घासल्यामुळे आईच्या खालच्या दातांची मुळं उघडी पडली होती, गार पाण्याने सणक जायची. डॉक्टर म्हणाले, “काकू, असंच राहिलं तर दात हलतील,” आणि हिरडी शंभर टक्के वर आणून देण्याची हमी दिली. एक्स-रे नाही, हिरडीची मोजमापं नाहीत. काउंटरवरच्या मुलीने मात्र ईएमआयचा ओटीपी लगेच घेतला. काम झाल्यावर मुळं गुलाबी झाकलेली दिसत होती. रात्री आई व्यवस्थित जेवली.

डोंबिवलीच्या मावशीने फोनवर विचारलं, “टाळूची जखम कशी आहे गं?”

“कसली जखम?”

मावशीचा ग्राफ्ट खरा झालेला. टाळूतून ऊतीचा पातळ तुकडा काढून तो मुळावर टाक्यांनी बसवतात. टाळू भरून यायला दोन-तीन आठवडे जातात. टाळूतल्या तुकड्याऐवजी तयार मेंब्रेनही (पातळ पडदा) वापरतात, पण त्याच्या पाकिटावर कंपनीचं नाव आणि लॉट नंबर असतो, तो स्टिकर फाइलला लावायला हवा. आईच्या बिलावर ‘कनेक्टिव्ह टिश्यू ग्राफ्ट’ होतं. टाळूला ओरखडा नाही, तोंडात एक टाका नाही.

नेरुळच्या एका डेंटल कॉलेजात हिरड्यांच्या विभागात तिला नेलं. मॅडमनी प्रोब, म्हणजे हिरडी मोजायची बारीक सळई, टेकवला, टक्क आवाज आला. हिरडी वाजते का कधी? ते गुलाबी कंपोझिट निघालं, म्हणजे फिलिंगचंच मटेरियल! काही पेशंटना ते रीतसर लावतातही, पण तो ग्राफ्ट नव्हे आणि त्याचे पैसे ग्राफ्टचे नव्हेत. इथे तर कडेला अन्न अडकून खरी हिरडी सुजली होती. एक्स-रेत दोन दातांमधलं हाड झिजलेलं दिसलं. तिथलं हाड गेलं की मूळ पूर्ण झाकलं जाईल असं सांगता येत नाही. उतरलेल्या हिरड्यांचं मिलर यांचं १९८५चं वर्गीकरण यावरच उभं आहे. म्हणजे हमीही खोटीच. हिरड्यांचा तज्ज्ञ म्हणजे पेरिओडॉन्टॉलॉजीत (हिरड्यांच्या शास्त्रात) एमडीएस, ही बीडीएसनंतरची पदवी. ऐरोलीच्या दवाखान्याच्या पाटीवर नुसतंच ‘लेझर स्पेशालिस्ट’.

दवाखान्याचं उत्तर: “नवीन टेक्निक आहे, मेंब्रेन टाकलंय.” स्टिकर मागितला तर फाइल हेड ऑफिसला. मग निम्मे पैसे परत देतो, गूगलवर काही लिहू नका. आम्ही नाही म्हटलं.

कंपोझिट काढायच्या आधी फोटो आणि कॉलेजचा लेखी रिपोर्ट घेतला, नाहीतर पुरावाच कचऱ्यात जातो. राज्य दंत परिषदेकडे अर्ज दिलाय, जिल्हा ग्राहक आयोगाचा तयार होतोय. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर आयोगात फी लागत नाही, मुदत २ वर्षांची आहे. हप्ता मात्र आईच्या खात्यातून कापला जातोच. फायनान्सवाले म्हणतात, दवाखान्याला पैसे कधीच पोचलेत, भांडण त्यांच्याशी करा.